त्रेचाळीस नंबरचा टी-शर्ट

दर्शना राऊळने जाहिरातीवर आजवर एक पैसा खर्च केलेला नाही. हे ती विचारलं तरी सांगते आणि नाही विचारलं तरी सांगते. सांगताना मान जरा वर जाते, आणि ते साहजिक आहे. टी-शर्टच्या धंद्याआधीची सहा वर्षं तिने लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत बसून दुसऱ्यांचे पैसे जाहिरातींवर उडवण्यात घालवली होती. साबणवाल्यांचे, बिस्किटवाल्यांचे, एका संडासाची भांडी बनवणाऱ्याचेसुद्धा. किती जणांनी जाहिरात बघितली, किती जणांनी तिच्यावर बोट टेकवलं आणि किती जणांनी खरंच माल घेतला, याचे तक्ते ती रोज करायची. तिसरा आकडा रोज इतका लाजिरवाणा असायचा की साहेबाला दाखवताना तक्त्यात दोन रंग जास्त भरावे लागायचे. मग एका एप्रिलमध्ये कंपनीने अकरा जणांना नारळ दिला. त्यांत दर्शना होती.

ती घरी येऊन बसली. घर म्हणजे लालबागची कानजी रतनशी चाळ, दुसरा माळा, खोली नंबर त्रेचाळीस. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा. त्यात आई सुभद्रा, पोस्टातून निवृत्त झालेले वडील जयवंत, ज्यांना ती अप्पा म्हणते, आणि आता ही एकतीस वर्षांची, ना लग्न ना नोकरी अशी मुलगी. कपडे बदलायचे तर अप्पांनी गॅलरीत जाऊन उभं राहायचं, ही जन्मापासूनची रीत. अप्पा बिचारे गॅलरीत उभं राहून राहून समोरच्या इमारतीच्या खिडक्या पाठ करून बसले होते.

टी-शर्टचं खूळ तेव्हा शिरलं. कोरे शर्ट तिरुपूरहून मागवायचे, करी रोडच्या एका गाळ्यात छापून घ्यायचे आणि मोबाईलवर दुकान उघडायचं. पहिल्या खेपेला तिने वडापाव छापला, कटिंग चहा छापला, टॅक्सी छापली. म्हणजे मुंबईत न राहणाऱ्याला मुंबई म्हणून जे जे आठवतं ते सगळं. साठांतले नऊ खपले, त्यांतले चार जुन्या ऑफिसातल्यांनी दयेपोटी घेतले. उरलेले खाटेखाली गेले. एक सुभद्राबाईंनी लादी पुसायला काढला आणि पाणी बरं टिपतो म्हणून त्याचं कौतुकही केलं. पैसे टाकून जाहिरात करावी तर टाकायला पैसे नव्हते, आणि असते तरी दर्शनाने टाकले नसते. ते कुठे जातात हे तिने सहा वर्षं डोळ्यांनी बघितलं होतं.

अशात वर्ष गेलं आणि मनूकाका रिटायर झाला.

मनूकाका म्हणजे मनोहर राऊळ, अप्पांचा सात वर्षांनी धाकटा भाऊ. दादरच्या एका छापखान्यात बाइंडर होता. नालासोपाऱ्याला राहायला जाऊन त्याला एकोणतीस वर्षं झाली, पण कुणी पत्ता विचारला की तो अजून रतनशी चाळ म्हणून सुरुवात करायचा आणि मग जीभ चावून खरा पत्ता द्यायचा. दोघा भावांची लग्नं झाल्यावर दोन संसार एका खोलीत मावेनात, म्हणून तो तिकडे गेला होता. तात्पुरता. काकी दोन वर्षांपूर्वी वारली, मूलबाळ नाही. राहतो ती इमारत अनधिकृत आहे अशी नोटीस जिन्यात चिकटवलेली असते. पाऊस येतो, नोटीस पडते, महापालिकेचा माणूस नवी लावून जातो. काका ते सांगायचा तेव्हा हसून सांगायचा.

निवृत्तीला त्याला काय द्यावं, या विचारात दर्शनाने एक पांढरा शर्ट छापून आणला. वर ‘रतनशी चाळ’, खाली ‘दुसरा माळा’, आणि छातीभर मोठा आकडा: ४३. चाळीत आडनावाला फारसं कुणी विचारत नाही. माणूस ओळखला जातो तो खोलीच्या आकड्याने. सदतीसची आजी वारली, चव्वेचाळीसला मुलगी झाली, बावन्न आज पुन्हा पिऊन आला. मनूकाका दहा बाय बाराच्या बाहेर जाऊन तीन दशकं झाली तरी जुन्या माणसांत तो ‘त्रेचाळीसचा मनू’च होता. त्याने शर्ट हातात घेतला, आकड्यावरून बोट फिरवलं, आणि अंगातल्या सदऱ्यावरच तो चढवला.

“दर्शू, मी मेलंय की माका ह्योच घाला हां,” तो म्हणाला. घरात काका मालवणीवर यायचा, बाहेर मुंबईवर.

“काहीतरी अभद्र बोलू नका भावजी,” सुभद्राबाई म्हणाल्या.

खाली दरवाजात उभं राहून त्याने स्वतःचा फोटो काढला आणि ‘रतनशी परिवार’ या ग्रुपवर टाकला. या ग्रुपात दोनशे बारा माणसं, आणि त्यांतली जेमतेम साठ चाळीत राहणारी. बाकीची विरार, बदलापूर, डोंबिवली, कळवा अशी जिकडे फुटली तिकडे फुटलेली. सकाळी फुलं पाठवायची, कुणी गेलं की हात जोडायचे, एवढंच त्यांचं चाललेलं. त्यात हा फोटो पडला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दर्शनाकडे अडतीस शर्टांची मागणी आली. सव्वीस नंबर, एकोणीस नंबर, तळमजला सात नंबर. जिला चाळ सोडताना खोलीचे चांगले पैसे मिळाले होते आणि जिने त्यावर डोंबिवलीला दोन बेडरूम घेतल्या होत्या, त्या बाईनेसुद्धा चार मागवले.

दर्शना सहा वर्षं जे शोधत होती ते तिला असं सापडलं. शर्ट घेणारा प्रत्येक जण तो घालून फोटो टाकत होता. त्याची मेहुणी गिरगावच्या चाळीतली, तिने तो आपल्या ग्रुपवर टाकला. मेहुणीचा दीर माझगावचा, त्याने त्याच्या. पाडलेल्या, पडलेल्या आणि पडायला आलेल्या चाळींचे किती ग्रुप आहेत याचा मोठमोठ्या कंपन्यांना पत्ता नव्हता, आणि या सगळ्या माणसांना आपण कुठल्या आकड्यातून आलो हे जगाला सांगायचं होतं. तिने दुकानाचं नाव बदलून ‘खोली नंबर’ ठेवलं. मानेपाशी शिवायची छोटी लेबलं केली, पहिलं काकाच्याच शर्टाला लावून घेतलं. आणि हिशेबाची एक गोष्ट तिच्या लवकर लक्षात आली: एका खोलीत सात भावंडं वाढली असतील तर सात शर्ट. भाडेपावती एकाच्याच नावावर असते, पण आकडा सातांचाही. यापेक्षा गोड गणित तिने कधी बघितलं नव्हतं. तिने ‘कुटुंब पॅक’ काढला. चारावर पाचवा निम्म्या किमतीत.

दसऱ्याच्या सुमाराला भोईवाड्यातून एका बाईचा फोन आला.

“तुम्हीच ना त्या शर्टवाल्या? माझ्या दिराला शर्ट तुम्ही विकलात?”

“विकला असेल ताई. साइज बरोबर नाही का?”

“साइज कसली! वीस वर्षं फिरकला नाही मेला. काल छातीवर आमच्या खोलीचा नंबर लावून बिल्डरच्या मीटिंगमध्ये येऊन बसला. वर म्हणतो, माझी पण खोली आहे, शर्ट बघा. तुम्हाला काही अक्कल?”

“ताई, आम्ही फक्त शर्ट विकतो,” दर्शना म्हणाली. वाक्य तिला आवडलं. रविवारी काका आला तेव्हा तिने सगळ्या घराला बाईचा आवाज काढून हा किस्सा सांगितला. अप्पा खोकेपर्यंत हसले. काका सगळ्यांत जास्त हसला.

थोडी अक्कल असती तर ती इथे थांबली असती. पण धंदा चालायला लागला की माणसाला वाटतं, हे आपल्या अकलेनेच चाललंय, मग आणखी अक्कल कशाला हवी? दिवाळीच्या तोंडावर तिने व्हिडिओ करायचं ठरवलं. खर्च काही नाही. मोबाईल घरचा, काका घरचा.

त्रेचाळीसच्या दारात दोन खुर्च्या टाकल्या. काका शर्ट घालून एका खुर्चीत, अप्पा बाजूच्या. काका बोलायला लागला की थांबत नसे. तो गॅलरीत कुठे झोपायचा ते त्याने उठून दाखवलं: पाण्याच्या पिंपाला डोकं, चव्वेचाळीसच्या उंबऱ्याला पाय. चव्वेचाळीसचे शेजारी पहाटे गिरणीच्या पाळीला जाताना त्याला ओलांडायचे आणि रोज न चुकता म्हणायचे, मनू, उंच होऊ नकोस, दार उघडणार नाय. “म्हणून मी उंच झालोच नाय,” काका म्हणाला. दर्शना मोबाईल धरून हसू दाबत होती.

आणि तेव्हा, कुणी काही विचारलेलं नसताना, अप्पा बोलले.

“ही खोली माझी एकट्याची नाय. गिरण्यांचा संप झाला, बाबांचा पगार बंद. आठ महिने भाडं थकलं, मालकाचा माणूस टाळं घेऊन दारात आला. तेव्हा ह्याने नववीतून शाळा सोडली. खानावळीत भांडी घासली आणि भाडं भरलं. मी कॉलेजात होतो. मला कुणी सोडायला सांगितलं नाय, आणि मीही विचारलं नाय. खोली राहिली ती मनूमुळे. निम्मी त्याचीच.”

काकाने खाली बघितलं. “गप रे दादा,” एवढंच म्हणाला. अप्पांनी डोळे पुसले. दर्शनाला खरोखर भरून आलं. त्याच वेळी हे चालणार, असंही तिला कळलं. दोन्ही एकदम झालं आणि कुठलं आधी हे तिने नंतर कधी तपासलं नाही.

चाललं. नऊ लाख लोकांनी बघितलं. गिरणगावात न जन्मलेल्यांनीही बघितलं, आणि भाऊ असावा तर असा म्हणून आपापल्या भावांना पाठवलं, ज्यांच्याशी त्यांचे कोर्टात खटले चालू होते. महिन्याभरात तेराशे शर्ट गेले. पहिला अंगठा नेहमीप्रमाणे मनूकाकाचा होता. दर्शना काहीही टाको, सर्वांत आधी तो अंगठा द्यायचा आणि मग व्हिडिओ बारा ग्रुपांवर पाठवायचा. त्याला त्याबद्दल काही देऊ केलं की तो म्हणायचा, घरचं काम आहे, घरात कोण पैसे घेतो?

रतनशी चाळ पाडून टॉवर होणार, ही बोलणी बारा वर्षं चालली होती, त्यामुळे कुणी ती मनावर घेत नव्हतं. त्या जानेवारीत खरोखर पात्र भाडेकरूंची यादी लागली. प्रत्येक खोलीमागे एक फ्लॅट, चारशे पाच फुटांचा, आत संडास, आत न्हाणी, आणि दार लागेल अशी एक बेडरूम. यादीत त्रेचाळीसच्या पुढे फुली होती. त्या संध्याकाळी चाळ कमिटीचा सेक्रेटरी राजेश घरी आला. चहा नको म्हणाला, यावरूनच गोष्ट वाईट आहे हे कळलं.

“जयवंतभाऊ, फाइल अडकली. वादग्रस्तमध्ये टाकलीय.”

“कसला वाद? पावती माझ्या नावावर आहे. बाबा वारले तेव्हापासून.”

“पावती आहे हो. पण तुम्ही स्वतःच बोललात ना, निम्मी भावाची. बिल्डरच्या ऑफिसात मोबाईलवर बघत होते. वकील म्हणाला, भाडेकरू स्वतः कबूल करतो, उद्या भाऊ कोर्टात गेला तर आमचा फ्लॅट लटकेल. भावाकडून हक्कसोड आणा. नोटरीचं नको, रजिस्टर केलेलं. आणि तो व्हिडिओ काढून टाका. पंधरा दिवस दिलेत.”

राजेश जिना उतरून गेला.

“तू बोलायला लावलंस मला,” अप्पा म्हणाले.

“मी? मी काही विचारलं पण नव्हतं अप्पा!”

“मोबाईल कुणी धरला होता?”

सुभद्राबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, “पण बोललात ते खोटं होतं का? निम्मी त्यांची तर निम्मी लिहून द्या की. त्यांच्या बिल्डिंगला नोटीस लागलेली आहे.”

“निम्मी म्हणजे काय गं? संडास त्याला आणि किचन आपल्याला?” अप्पा कडाडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “मला काय न्यायचंय बरोबर? उद्या हे सगळं हिचंच आहे. हिने सांगावं.”

दोघांनी दर्शनाकडे बघितलं. आता तिच्या एका शब्दाने होणार होतं. निम्मं काकाचं, असं ती म्हणाली असती तर अप्पा आरडाओरडा करून तयार झाले असते. ते तसेच होते, आणि हे तिला माहीत होतं. काका पोरका होणार नाही, हे तिच्या हातात होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे ती बेडरूम आली, आणि बेडरूमपेक्षा तिचं दार. आजवरच्या आयुष्यात तिने स्वतःच्या मागे कधी दार लावून घेतलं नव्हतं. तिला ते दार हवं होतं. 

“मी करते काकाला फोन,” ती म्हणाली.

काय काय बोलायचं ते तिने कागदावर लिहून काढलं होतं. नुसती फॉर्मॅलिटी आहे, कागदावर काही असलं तरी घर तुझंच आहे, वगैरे. त्यातलं काहीच वापरावं लागलं नाही. काकाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “कधी येव ता सांग.”

“काका, तू रागावला नाहीस ना?”

“नाय गो.” मग त्याने विचारलं, “दादान स्वतः फोन कित्याक नाय केल्यान?”

“त्यांचा घसा बसलाय,” दर्शना म्हणाली. अप्पा समोर बसून बातम्या ऐकत होते.

बुधवारी अकराला रजिस्ट्रारच्या ऑफिसात भेटायचं ठरलं. बिल्डरचा वकील कागद घेऊन आला होता, राजेश होता, अप्पा इस्त्रीच्या शर्टात होते. दर्शनाच्या खांद्याला कुरियरला टाकायची पिशवी होती, कारण परतताना ते काम उरकायचं होतं. काका वेळेच्या आधीच येऊन बाकावर बसला होता. त्याच्या अंगात तोच पांढरा शर्ट होता. त्यात त्याची काही चाल नव्हती. लालबागला यायचं म्हटलं की तो तोच घालायचा, आणि सहीला यायचं म्हणून त्याने तो धुऊन, निळीत घालून, कडक इस्त्री करून आणला होता.

वकिलाने त्याला बघितलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं. “अहो, हे काय घातलंय? इथे फोटो काढतात. तो दस्तावर छापून येतो. खोली नंबर त्रेचाळीसवरचा हक्क सोडला असं लिहायचं आणि फोटोत छातीवर त्रेचाळीस? उद्या कुणी म्हणेल जबरदस्तीने घेतलं. दुसरा शर्ट नाही का?”

काकाला आधी कळलंच नाही. मग त्याने छातीकडे बघितलं आणि तो ओशाळला. ज्यांनी ओशाळायला हवं होतं ते अप्पा भिंतीवरची मुद्रांक शुल्काची पाटी वाचत होते. दर्शनाने पिशवी उघडली. आत चौदा शर्ट होते, आणि चौदांवर कुणाकुणाच्या खोल्यांचे आकडे. चौदा लोकांना पुरतील एवढी घरं त्या पिशवीत होती आणि काकाच्या अंगावर घालता येईल असं त्यांत एकही नव्हतं.

“उलटा करून घालतो,” काका म्हणाला. “चालेल ना साहेब?”

“लवकर करा. आपला नंबर येतोय.”

तो कोपऱ्यातल्या मुतारीत जाऊन आला. शिवण बाहेर आली होती, मानेमागे ‘खोली नंबर’चं लेबल लोंबत होतं. कापड पांढरं आणि पातळ. आतला आकडा उलटा, पुसट दिसतच होता. खिडकीतल्या मुलीने कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं. काकाने खांदे सरळ केले आणि फोटोला हसतात तसं हसला. ती म्हणाली, हसू नका. तो हसायचा थांबला. मग अंगठा लावला. एवढी वर्षं बाइंडिंगच्या डिंकात घालून त्याच्या अंगठ्याच्या रेषा पुसल्या होत्या, यंत्र तीनदा नाही म्हणालं. चौथ्यांदा त्या मुलीनेच त्याचा अंगठा धरून दाबला.

“ओळख पटवणारे दोन जण या,” ती म्हणाली.

एक राजेश होता. दुसरी दर्शना. कागदावर छापलेलंच होतं की खाली सह्या करणारे लिहून देणाऱ्याला व्यक्तिशः ओळखतात. तिने सही केली.

बाहेर आल्यावर अप्पांना एकदम घाई झाली. राजेशबरोबर बिल्डरच्या ऑफिसात कागद आजच द्यायला हवा होता. जाताना ते म्हणाले, “मनू, जेवून जा रे घरी,” आणि उत्तराला न थांबता टॅक्सीत बसले. काका आणि दर्शना फुटपाथवर उभे राहिले.

“काका, शर्ट सरळ करून घे ना. आत जाऊन ये परत.”

“असांदे गो,” काका म्हणाला. “कापडच ता.”

तो जेवायला आला नाही. एक काम आहे म्हणाला. रिटायर झालेल्या, एकट्या माणसाला बुधवारी दुपारी काय काम असणार, हे दर्शनाला कळत होतं. गर्दीत बराच लांबपर्यंत मानेवरचं ते लेबल दिसत राहिलं. ते तिनेच शिवून घेतलं होतं, नजरेत भरावं म्हणून मुद्दाम लाल.

घरी येऊन तिने व्हिडिओ काढून टाकायला घेतला. पण रोजच्या चाळीस मागण्यांतल्या तीस अजून त्या व्हिडिओवरून येत होत्या, आणि हे तिला तक्ता न करताही माहीत होतं. अख्खा कशाला काढायचा? वकिलाला अडचण होती ती अप्पांच्या बोलण्याची. ती सव्वीस सेकंदं तिने कापली. टाळं घेऊन आलेला माणूस गेला, नववी गेली, खानावळ गेली, निम्मी गेली. “गप रे दादा” तेवढं अधांतरी राहत होतं, तेही काढलं. उरला तो पिंपाला डोकं आणि उंबऱ्याला पाय लावून झोपणारा गमतीदार म्हातारा. जुना काढून तिने हा टाकला, आणि आटोपशीर झाल्यामुळे तो आधीच्यापेक्षा जास्त चालला. यात अप्पा नुसते बाजूला बसून मान डोलावतात.

यावेळी पहिला अंगठा काकाचा नव्हता. दुसराही नव्हता. दोन दिवसांनी त्याने ग्रुपवर सव्वीस नंबरच्या नातवाच्या वाढदिवसाला केकचं चित्र टाकलं, म्हणजे मोबाईल चालू होता. दर्शनाने त्याला दोनदा फोन केला. तो नीट बोलला. तब्येत बरी आहे म्हणाला, दादाला सांग म्हणाला. लालबागला मात्र त्यानंतर आला नाही, आणि ये म्हणून सांगायला कुणी तोंड उघडलं नाही.

एप्रिलमध्ये, म्हणजे नारळ मिळाल्याला बरोबर दोन वर्षं झाली तेव्हा, दादरच्या एका हॉलमध्ये मराठी नवउद्योजकांचा मेळावा होता. दर्शनाला बोलायला बोलावलं होतं. त्रेचाळीसपुढची फुली निघून तिथे बरोबरची खूण आली होती. अप्पा पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्या अंगात नवा कोरा शर्ट होता, छातीवर ४३. तो त्यांनी स्वतः मागून घेतला होता.

ती छान बोलली. चाळीतला माणूस आकड्याने ओळखला जातो, हे सांगितल्यावर लोक खूश झाले. मागच्या रांगेतून एक मुलगी उभी राहिली.

“मॅडम, तुमचं जाहिरातीचं बजेट किती?”

“शून्य,” दर्शना म्हणाली. हॉलभर हसू आणि टाळ्या. तिची मान सवयीने वर गेली.

“पण मग जाहिरात केली कुणी? पहिली सुरुवात कुणापासून झाली?”

‘काकाने,’ हा शब्द ओठांपर्यंत आला होता. तो म्हटला की पुढचं आलंच असतं. कोण काका, कुठे असतात, आज आले नाहीत का? पहिल्या रांगेत अप्पा मान वर करून तिच्याकडे बघत होते. त्यांच्या छातीवरचा आकडा दिव्यात चमकत होता. व्हिडिओत डोलावतात तशी त्यांची मान हलायला लागली होती.

“कुणी एक असं नाही,” दर्शना म्हणाली. “आमचे ग्राहकच आमची जाहिरात करतात.”

लोकांनी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. टाळ्या वाजल्या. अप्पांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या.